रेपोमधली गुपितं आणि बाहेरून येणारा कोड: प्रकल्प नोंदी

सोमवार, ५ जानेवारी २०२६. व्याप्ती

कोड गिटहबवर, बिल्ड गिटहब ॲक्शन्सवर (कोड आपोआप तपासून-बांधून देणारी गिटहबची सेवा), पॅकेजेस एनपीएम (जावास्क्रिप्ट) आणि पायपीआय (पायथन) या सार्वजनिक भांडारांवरून, डिप्लॉयमेंट ॲमेझॉनच्या क्लाउडवर. मूळ यादीत दोन वेगळी कामं होती: रेपोत (कोडच्या साठ्यात) राहून गेलेली क्रेडेन्शियल्स (पासवर्ड, कीज, टोकन्स) शोधणं आणि डिपेंडन्सीजमधून (आपण वापरतो त्या बाहेरच्या पॅकेजेसमधून) येणारा हल्ला रोखणं. ती एकाच प्रकल्पात घेतली आहेत.

त्याचं कारण २०२५ मधल्या घटनांत आहे. मार्चमध्ये टीजे-ॲक्शन्सची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही २३,००० हून जास्त रेपोंत वापरली जाणारी ॲक्शन (वर्कफ्लोत, म्हणजे बिल्डच्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये, जोडायचा तयार कोड) बिघडवली गेली. हल्लेखोराच्या हाती एक चोरलेलं टोकन लागलं होतं, आणि त्या ॲक्शनने पुढे जाऊन रनरच्या (बिल्ड चालवणाऱ्या मशीनच्या) मेमरीतली गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली. सप्टेंबरमध्ये एनपीएमवर शाय-हुलुद हा वर्म (आपोआप पसरणारा घातक कोड) आला. पॅकेज इन्स्टॉल होतानाच तो ट्रफलहॉग हे गुपितं शोधणारं साधन चालवून मशीनवरची टोकन्स शोधायचा आणि एनपीएमचं टोकन सापडलं की त्याच व्यक्तीची बाकीची पॅकेजेस बिघडवून प्रकाशित करायचा. पाचशेहून जास्त पॅकेजेस त्यात सापडली. गुपित फुटलं की पॅकेज बिघडतं, आणि पॅकेज बिघडलं की पुढची गुपितं फुटतात. एक बाजू बंद करून दुसरी उघडी ठेवण्यात काही हशील नाही.

म्हणून प्रत्येक टोकनपुढे तीन रकाने ठेवले आहेत: कोणता परका कोड ते वाचू शकतो, ते किती काळ चालतं, आणि रद्द केलं तर काय बंद पडतं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तो रिकामा असला तर प्रसंग आल्यावर कोणीही टोकन रद्द करायला धजावत नाही.

मंगळवार, ६ जानेवारी. इतिहासाची झडती

साधन गिटलीक्स, ते गिटच्या इतिहासात गुपितांचे नमुने शोधतं. जुन्या लेखांमधल्या ‘डिटेक्ट’ आणि ‘प्रोटेक्ट’ या कमांड ८.१९ आवृत्तीपासून मागे पडल्या. आता ‘गिटलीक्स गिट’ आणि ‘गिटलीक्स डिर’ वापरायच्या. झडती नेहमी ताज्या मिरर क्लोनवर घ्यावी. साध्या क्लोनमध्ये पुल रिक्वेस्टचे (बदल मुख्य कोडात घेण्याच्या विनंतीचे) रेफ, म्हणजे गिटमधल्या खुणा, येत नाहीत, मिररमध्ये येतात, आणि मर्ज न होता बंद झालेल्या पुल रिक्वेस्टमध्ये बरंच काही पडलेलं असतं.

हीच झडती पाइपलाइनमध्ये लावताना एक गोष्ट हमखास चुकते. चेकआउट ॲक्शन मुळात फक्त शेवटचा कमिट (बदलांची एक नोंद) आणते, म्हणजे ‘फेच-डेप्थ’ १. गिटलीक्स तेवढाच पाहतं आणि हिरवी खूण देतं. ‘फेच-डेप्थ’ शून्य केल्याशिवाय इतिहास तपासलाच जात नाही. दुसरी गोष्ट ‘रिडॅक्ट’ पर्यायाची. तो दिला नाही तर अहवालातच पूर्ण गुपित छापलं जातं, आणि अहवाल आर्टिफॅक्ट (बिल्डसोबत साठवलेली फाइल) म्हणून जतन झाला की तीच नवी गळती.

नमुन्यावरून काय सापडतं आणि काय निसटतं हे माहीत असावं. ॲमेझॉनची ॲक्सेस की २० अक्षरांची असते आणि कायमस्वरूपी की असेल तर ‘एकेआयए’ने सुरू होते, त्यामुळे ती चुकत नाही. तिच्या जोडीची ४० अक्षरांची सीक्रेट की मात्र कुठल्याही ठरावीक अक्षरांनी सुरू होत नाही. ती आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखावी लागते. गिटहबने २०२१ पासून आपल्या टोकनांना ‘जीएचपी’सारखा उपसर्ग आणि शेवटी चेकसम (पडताळणीची अक्षरं) दिला, म्हणून ती नेमकी सापडतात. आपल्या अंतर्गत सेवा जी टोकन्स बनवतात त्यांनाही असा उपसर्ग द्यायचा आणि त्यासाठी स्वतंत्र नियम लिहायचा, असं ठरलं. काम छोटं आहे आणि उपयोग कायमचा.

सापडलेल्यांपैकी जिवंत कोणती, हे ट्रफलहॉग प्रत्यक्ष सेवेला विचारून सांगतं. ‘व्हेरिफाइड’ निकाल आधी घ्यावेत. पण व्हेरिफाय झालं नाही म्हणजे ती की मेली, असं धरू नये. अंतर्गत नेटवर्कमधल्या डेटाबेसचा पासवर्ड बाहेरून तपासताच येत नाही.

खोटे इशारे दडपताना अख्खा ‘टेस्ट’ फोल्डर वगळण्याचा मोह टाळावा. ‘गिटलीक्सइग्नोर’ फाइलमध्ये त्या एकेका सापडलेल्या नोंदीचं फिंगरप्रिंट लिहावं. खऱ्या कीज सगळ्यात जास्त टेस्टच्या फोल्डरमध्येच राहतात.

‘डॉट एन्व्ह’ फाइलपलीकडे पाहिलेल्या जागा: ज्युपिटर नोटबुकमधलं सेलचं आउटपुट, पोस्टमनमधून एक्सपोर्ट केलेली कलेक्शन्स, टेराफॉर्मची स्टेट फाइल (तिच्यात पासवर्ड साध्या मजकुरात असतात), ‘एनपीएमआरसी’ या एनपीएमच्या सेटिंग फाइलमधलं टोकन, आणि डॉकर इमेज. डॉकरमध्ये ‘आर्ग’ने दिलेलं गुपित इमेजच्या हिस्टरीत दिसतं, आणि कॉपी करून पुढच्या पायरीत पुसलेली फाइल आधीच्या लेअरमध्ये शाबूत राहते. डॉकरच्या बिल्डकिटचा ‘सीक्रेट’ माउंट वापरला की दोन्ही टळतं.

गुरुवार, ८ जानेवारी. आधी रद्द, मग बाकी सगळं

क्रम ठरवून लिहून ठेवला. सार्वजनिक रेपोत की गेली असेल तर ती त्याच क्षणी इनॲक्टिव्ह करायची, सेवा बंद पडली तरी चालेल. सार्वजनिक कमिट चाळणारे बॉट काही मिनिटांत की उचलतात. ‘कमिट लगेच मागे घेतला’ याला बचाव म्हणून काहीच किंमत नाही.

खाजगी रेपोत सापडली आणि गैरवापराची खूण नसेल तर थोडी सवड आहे. ॲमेझॉनमध्ये एका आयएएम (ॲमेझॉनची युजर आणि अधिकारांची व्यवस्था) युजरला एकावेळी दोन ॲक्सेस कीज ठेवता येतात, ती सोय याचसाठी आहे. दुसरी की बनवायची, सगळीकडे पोचवायची, पहिलीची ‘लास्ट यूज्ड’ वेळ पुढे सरकायची थांबली का पाहायचं, मग ती इनॲक्टिव्ह करायची. डिलीट लगेच करू नये. महिन्यातून एकदा चालणारा एखादा जॉब जुनीच की वापरत असेल तर इनॲक्टिव्ह की परत चालू करता येते, डिलीट केलेली नाही.

सार्वजनिक गळती ॲमेझॉनला दिसली तर ते त्या युजरला ‘क्वारंटाइन’ पॉलिसी जोडतात. तिच्यावर विसंबू नये. ती काही धोकादायक कामं अडवते, पण की चालूच राहते.

की रद्द केल्यावरही दोन वाटा उघड्या राहतात. त्या कीने आधीच एखादी रोल (तात्पुरते अधिकार देणारी ओळख) घेतली असेल तर ते तात्पुरतं सेशन मुदत संपेपर्यंत चालतं. त्यासाठी रोलवर ‘या वेळेआधी दिलेली सगळी टोकन्स नाकारा’ अशी अट लावावी लागते. कन्सोलमध्ये ‘रिव्होक सेशन्स’ हे बटण तेच करतं. दुसरी वाट म्हणजे हल्लेखोराने दरम्यान बनवलेले नवे युजर आणि नव्या कीज. क्लाउडट्रेलमध्ये (ॲमेझॉन अकाउंटमधल्या हालचालींच्या नोंदवहीत) ‘क्रिएट युजर’, ‘क्रिएट ॲक्सेस की’ आणि रोलच्या ट्रस्ट पॉलिसीतले (ती रोल कोण घेऊ शकतं हे ठरवणाऱ्या नियमांतले) बदल त्या कालावधीसाठी शोधायचे.

क्लाउडट्रेलचा आपोआप मिळणारा इतिहास फक्त ९० दिवसांचा, आणि त्यात एसथ्रीमधली (ॲमेझॉनच्या फाइल-साठ्यातली) एकेक फाइल कोणी वाचली हे नसतं. ते डेटा इव्हेंट, वेगळे चालू करावे लागतात आणि त्यांचे पैसे पडतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. तेव्हा ९० दिवस अपुरेच. स्वतंत्र ट्रेल सुरू करून लॉग मुंबई रीजनमधल्या, वेगळ्या अकाउंटच्या बकेटमध्ये पाठवले. ग्राहकांच्या कागदपत्रांच्या बकेटपुरते डेटा इव्हेंट चालू केले.

सोमवार, १२ जानेवारी. इतिहास पुन्हा लिहावा का

रद्द झालेल्या कीसाठी लिहू नये, हा निर्णय. मेलेली की इतिहासात पडून राहिली तर नुकसान नाही. तिची नोंद ‘गिटलीक्सइग्नोर’मध्ये करायची. इतिहास तेव्हाच लिहायचा जेव्हा फुटलेली वस्तू बदलता येत नाही, म्हणजे ग्राहकांचा डेटा किंवा बाहेर वाटल्या गेलेल्या ॲप्समध्ये जिचा विश्वास पक्का बसलाय अशी साइनिंग की.

लिहायचाच झाला तर साधन ‘गिट फिल्टर-रेपो’. जुन्या ‘फिल्टर-ब्रांच’च्या वाटेला जाऊ नये, गिटचे स्वतःचे दस्तऐवजही तेच सांगतात. ताज्या क्लोनवर ‘रिप्लेस-टेक्स्ट’ पर्यायाला शब्दांची फाइल द्यायची. त्या जागेपासून पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश (त्याची ओळख सांगणारी अक्षरं) बदलतो, सह्या जातात, उघड्या पुल रिक्वेस्ट विस्कटतात. गिटहबवरचे पुल रिक्वेस्टचे रेफ आपल्याला पुश करून बदलता येत नाहीत, त्यामुळे हॅश माहीत असणाऱ्याला जुना कमिट दिसतच राहतो. ते काढायला गिटहबच्या सपोर्टला सांगावं लागतं. फोर्क (इतरांनी घेतलेल्या रेपोच्या प्रती) वेगळेच. शिवाय कोणी जुन्या क्लोनमधली ब्रांच मर्ज केली की सगळा जुना इतिहास परत येतो. प्रत्येकाने जुना क्लोन पुसून नवा घेतला याची खात्री होईपर्यंत हे काम पुरं झालं असं समजू नये.

बुधवार, १४ जानेवारी. पुश अडवणं

प्री-कमिट हुक (कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी) प्रत्येकाच्या मशीनवर लावला. त्याला संरक्षण म्हणून मोजत नाही, कारण ‘नो-व्हेरिफाय’ने तो टळतो. खरी अडवणूक सर्व्हरवर: गिटहबचं पुश प्रोटेक्शन. सार्वजनिक रेपोंना ते २०२४ पासून मुळातच चालू आहे, खाजगी रेपोंसाठी पैसे भरून घ्यावं लागतं. बायपास करताना ‘नंतर दुरुस्त करतो’ हेही कारण देता येतं, म्हणून बायपासला दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी लागेल अशी सेटिंग केली. पुल रिक्वेस्टवरची तपासणी चालते तोवर की सर्व्हरवर पोचलेली असते. तिचा इशारा आला की रद्द करण्याची प्रक्रिया सुरू, नुसतं ‘फोर्स पुश करून टाक’ चालणार नाही.

सोमवार, १९ जानेवारी. साठवलेल्या कीजऐवजी ओआयडीसी

आजचं काम सगळ्यात जास्त मोलाचं. डिप्लॉयमेंटची ॲमेझॉन की गिटहबच्या सीक्रेट्समध्ये ठेवणंच बंद. ओआयडीसी ही ओळख पटवण्याची पद्धत अशी: वर्कफ्लो गिटहबकडून एक सही केलेलं टोकन घेतो, ते ॲमेझॉनला दाखवतो, आणि तासाभरासाठीची क्रेडेन्शियल्स मिळवतो. चोरायला कायमची की शिल्लकच राहत नाही.

पायऱ्या: आयएएममध्ये ‘टोकन.ॲक्शन्स.गिटहबयूजरकंटेंट.कॉम’ हा आयडेंटिटी प्रोव्हायडर, ऑडियन्स ‘एसटीएस.ॲमेझॉनएडब्ल्यूएस.कॉम’. मग रोल, आणि तिच्या ट्रस्ट पॉलिसीत ‘सब’ या क्लेमवर (टोकन कोणाचं हे सांगणाऱ्या नोंदीवर) नेमकी अट: ऑर्गनायझेशन, रेपो आणि एन्व्हायर्नमेंट (डिप्लॉयचं ठिकाण, जसं प्रॉडक्शन). इथे चांदणी (*) घातली तर ऑर्गनायझेशनमधला कुठलाही रेपो, कुठल्याही ब्रांचवरून, प्रॉडक्शनची रोल घेऊ शकतो. ‘स्ट्रिंग-लाइक’ टाळून ‘स्ट्रिंग-इक्वल्स’ वापरला.

अडणाऱ्या दोन गोष्टी. जॉबला एन्व्हायर्नमेंट जोडलं की ‘सब’मध्ये ब्रांचचं नाव येत नाही, एन्व्हायर्नमेंटचं येतं. ट्रस्ट पॉलिसी ब्रांचवर लिहिलेली असेल तर ‘अझ्यूम रोल विथ वेब आयडेंटिटी’ नाकारलं जातं आणि एररमध्ये कारण दिसत नाही. दुसरी: वर्कफ्लोत ‘परमिशन्स’ लिहून ‘आयडी-टोकन: राइट’ दिलं की न लिहिलेल्या बाकी सगळ्या परवानग्या शून्य होतात. मग खाजगी रेपोचं चेकआउटच फसतं. ‘कंटेंट्स: रीड’ शेजारी लिहायचं.

टोकन अल्पायुषी असलं तरी त्याच जॉबमध्ये चालणारा कोणताही कोड ते मागू शकतो. एनपीएम इन्स्टॉल आणि डिप्लॉय एकाच जॉबमध्ये असतील तर बिघडलेलं पॅकेजही ती रोल घेईल. म्हणून दोन जॉब केले: पहिला इन्स्टॉल, बिल्ड आणि टेस्ट करतो, त्याला ‘आयडी-टोकन’ नाही, दुसरा फक्त तयार आर्टिफॅक्ट उचलून पाठवतो, त्यात परकं पॅकेज इन्स्टॉलच होत नाही. प्रॉडक्शन एन्व्हायर्नमेंटला मुख्य ब्रांचचं बंधन आणि एका माणसाची मंजुरी.

गुरुवार, २२ जानेवारी. वर्कफ्लो फाइल्स

प्रत्येक बाहेरची ॲक्शन ४० अक्षरी कमिट हॅशने बांधली, शेजारी कॉमेंटमध्ये आवृत्ती. टॅग (आवृत्तीला दिलेलं नाव) हलवता येतो. टीजे-ॲक्शन्समध्ये हल्लेखोराने जुने टॅगच एका बिघडवलेल्या कमिटकडे वळवले होते, त्यामुळे ‘आम्ही जुन्याच आवृत्तीवर आहोत’ म्हणणारेही सापडले. हॅशने बांधलेले, आणि त्या काळात हॅश न बदललेले, वाचले. डिपेंडाबॉट हा गिटहबचा अपडेट सुचवणारा बॉट हॅश आणि कॉमेंट दोन्ही अद्ययावत ठेवतो.

हॅश बांधूनही उरतं ते असं. एका रेपोच्या फोर्कमधला कमिट मूळ रेपोच्या नावानेही उघडतो. पुल रिक्वेस्टमध्ये कोणी नवा हॅश सुचवला तर तो खरोखर मूळ रेपोच्या ब्रांचवर आहे का पाहावं. आणि आपण बांधलेली ॲक्शन आतून दुसरी ॲक्शन टॅगनेच बोलावत असेल तर आपलं बांधणं अर्धं. टीजे-ॲक्शन्सपर्यंत हल्लेखोर पोचला तो आधी बिघडवलेल्या रिव्ह्यूडॉगच्या ‘ॲक्शन-सेटअप’मधून. या कारणाने काही छोट्या ॲक्शन्स काढून त्यांच्या जागी दोन-चार ओळींच्या शेल कमांड लिहिल्या. बदललेल्या फाइल्सची यादी ‘गिट डिफ’ देतोच.

सगळीकडे ‘पर्सिस्ट-क्रेडेन्शियल्स: फॉल्स’. चेकआउटच्या जुन्या आवृत्त्या टोकन ‘डॉट गिट’ फोल्डरच्या कॉन्फिगमध्ये ठेवतात. अख्खा फोल्डर आर्टिफॅक्ट म्हणून चढवला की ते सोबत जातं.

‘पुल-रिक्वेस्ट-टार्गेट’ हा ट्रिगर (वर्कफ्लो सुरू करणारी घटना) काढला. तो बाहेरच्या पुल रिक्वेस्टवर आपल्या गुपितांसकट चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एनएक्स या बिल्ड साधनाचं एनपीएम टोकन गेलं ते याच ट्रिगरच्या वर्कफ्लोतून. पुल रिक्वेस्टचं शीर्षक थेट शेल कमांडमध्ये पेरलं जात होतं. शीर्षक, ब्रांचचं नाव, कॉमेंट हे सगळं आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घ्यायचं आणि शेलमध्ये अवतरणचिन्हांत वापरायचं. झिझमोर हे साधन असे प्रकार फाइल वाचूनच दाखवतं, ते आता प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालतं.

लॉगमधल्या तीन चांदण्यांवर (***) भरवसा नको. गिटहब गुपित जसंच्या तसं दिसलं तरच झाकतो. टीजे-ॲक्शन्सच्या कोडने ते दोनदा बेस-६४ या सांकेतिक रूपात बदलून छापलं होतं.

मंगळवार, २७ जानेवारी. पॅकेजेस

पाइपलाइनमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ बंद, ‘एनपीएम सीआय’ चालू. लॉकफाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) आणि पॅकेज फाइल जुळली नाही तर ते थांबतं. ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’ खरं केलं, म्हणजे इन्स्टॉल होताना पॅकेजच्या स्क्रिप्ट चालत नाहीत. त्याने पपेटीअर, सायप्रेस आणि इलेक्ट्रॉन अडतात, कारण त्यांचे ब्राउझर किंवा बायनरी पोस्ट-इन्स्टॉलमध्ये उतरतात. तेवढ्यांसाठी स्क्रिप्ट चालू ठेवून नाव घेऊन ‘एनपीएम रीबिल्ड’ केलं. न दिसणारा परिणाम वेगळाच आहे: ‘एनपीएम रन बिल्ड’ चालतं, पण त्याच्या आधीची ‘प्रीबिल्ड’ स्क्रिप्ट गुपचूप गळते. ती बिल्डच्याच ओळीत घालावी. पीएनपीएम (एनपीएमच्या कमांडऐवजी वापरता येणारं साधन) १० मध्ये डिपेंडन्सीजच्या स्क्रिप्ट मुळातच बंद असतात, परवानगी नावानिशी द्यावी लागते. नवे रेपो त्यावरच.

स्क्रिप्ट बंद करणं पुरत नाही. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक, डिबग आणि इतर पॅकेजेस बिघडली, खोट्या ‘एनपीएमजेएस.हेल्प’ पत्त्यावरून आलेल्या मेलने देखभालकर्त्याचं लॉगिन गेलं होतं. त्यात इन्स्टॉल स्क्रिप्ट नव्हतीच, ब्राउझरमध्ये क्रिप्टो व्यवहाराचा पत्ता बदलणारा कोड होता. बिघडलेल्या आवृत्त्या काही तासांतच हटवल्या गेल्या. अशा वेळी वाट पाहणं कामाला येतं. पीएनपीएमच्या ‘मिनिमम-रिलीज-एज’मध्ये १०,०८० लिहिलं, एकक मिनिटं, म्हणजे सात दिवस. डिपेंडाबॉटमध्येही ‘कूलडाउन’ सात दिवस. सुरक्षेच्या अपडेटना तो लागू होत नाही, आणि तसंच हवं.

सात दिवसांनी सगळं टळत नाही. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाची ५.६.० आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि त्यातली मागची वाट २९ मार्चला उघड झाली. शिवाय ती चालू करणारी फाइल रिलीजच्या टारबॉलमध्ये (उतरवून घ्यायच्या गठ्ठ्यात) होती, गिटमध्ये नव्हती. मुदत आणखी वाढवली तर खऱ्या दुरुस्त्या उशिरा पोचतात. सातवर थांबलो.

खाजगी पॅकेजेस सगळी स्कोपखाली (नावाआधीच्या आपल्या उपसर्गाखाली) नेली, तो स्कोप सार्वजनिक एनपीएमवरही आपल्याच नावे घेतला. पायथनकडे ‘एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल’ (दुसऱ्या भांडाराचा पत्ता) काढलं: पिप हे पायथनचं इन्स्टॉलर दोन्ही इंडेक्स पाहून मोठी आवृत्ती उचलतो, आणि तेच नाव घेऊन कोणी सार्वजनिक इंडेक्सवर ९९ आवृत्ती टाकली तर ती येते. आता एकच अंतर्गत इंडेक्स, आणि ‘रिक्वायर-हॅशेस’.

शुक्रवार, ३० जानेवारी. आपली पॅकेजेस प्रकाशित करताना

ट्रस्टेड पब्लिशिंग (साठवलेल्या टोकनऐवजी वर्कफ्लोच्या ओळखीवर प्रकाशन) लावलं. एनपीएमची कमांड ११.५.१ किंवा पुढची लागते. एनपीएमच्या साइटवर रेपो आणि वर्कफ्लो फाइलचं नाव नोंदवायचं. फाइलचं नाव नंतर बदललं की प्रकाशन थांबतं. टोकनने प्रकाशन पूर्ण बंद केलं आणि जुनी टोकन्स रद्द केली. सोबत मिळणारा प्रॉव्हेनन्सचा दाखला पॅकेज कुठल्या कमिटवरून, कुठल्या वर्कफ्लोत बनलं एवढंच सांगतो. वर्कफ्लोच बिघडला तर दाखला खराच येईल.

बुधवार, ४ फेब्रुवारी. सराव आणि शिल्लक

चाचणी अकाउंटमधली की फुटली असं धरून रद्द करण्याचा सराव घेतला, यादीतला तिसरा रकाना हाताशी ठेवून. कॅनरी की तीन ठिकाणी ठेवली: बिल्डच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, एका खाजगी रेपोत आणि विकीवर. तिला कुठलाच अधिकार नाही, वापरली गेली की इशारा येतो. २०२१ मध्ये कोडकोव्ह या टेस्टचा आवाका मोजणाऱ्या सेवेची, हल्लेखोराने बदललेली अपलोडर स्क्रिप्ट ३१ जानेवारीपासून १ एप्रिलपर्यंत बिल्डमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बाहेर पाठवत राहिली. एका ग्राहकाने चेकसम ताडून पाहिला तेव्हा कळलं. कॅनरीने हा काळ कमी होतो. खाली उतरवून थेट शेलला दिलेल्या सगळ्या स्क्रिप्टना आता चेकसमची तपासणी आहे.

शिल्लक: सेल्फ-होस्टेड (आपल्याच मशीनवर चालणारे) रनर. ते प्रत्येक जॉबनंतर नष्ट होत नाहीत, म्हणजे एका जॉबने मागे ठेवलेलं पुढच्याला दिसतं. एफेमरल (एकाच जॉबपुरते) करेपर्यंत त्यांवर डिप्लॉय जॉब चालवायचा नाही. नोव्हेंबर २०२५ च्या शाय-हुलुदच्या दुसऱ्या लाटेत बाधित मशीनच रनर म्हणून नोंदवली जात होती, त्यामुळे ऑर्गनायझेशनमधली रनरची यादी दर सोमवारी मशीनच्या यादीशी ताडायची. अनोळखी नाव दिसलं तर रनर काढण्याआधी त्याच्या मशीनवरची सगळी टोकन्स रद्द.